मागची सीट

जिनाच्या गोडाऊनात ब्यूइक अजून उभी आहे.
काळ्या रंगावर सरकीची धूळ,
बोनेटखाली एक माणूस झोपेल एवढी जागा.
मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसली आहे.

बाबानं ती सत्तावीस वर्षं चालवली.
मागं मालगुजार, समोर बाबा,
आरशात दोन टोप्या.
हँडल मारताना एकदा मनगट मोडलं,
ते अजून आभाळ आलं की सांगतं.

माझी गाडी पांढरी, हप्त्यावरची.
डिकीत तुरीचे दोन कट्टे, तिसरा नाहीच मावत.
बाबा शेजारी बसला की गुडघे डॅशबोर्डला.
"गाडी हाय का डबा?" म्हणतो
आणि एसीचं तोंड हळूच स्वतःकडे वळवतो.

काल दारव्ह्याला निघालो, डोळ्याच्या डॉक्टरकडे.
आईला गाडी लागते, म्हणून ती समोर.
मी किल्ली फिरवली.
बाबा बाहेरच.
मागचं दार उघडून धरलेलं,
पाठ ताठ, डावा हात मागे,
कोणीतरी बसायची वाट पाहत.

"बाबा, तुमालेच बसायचं हाय."

त्यानं चपला झटकल्या,
दुपट्ट्यानं सीट पुसली
आणि पाहुण्याच्या घरात शिरावं तसा आत शिरला.

फाट्यापर्यंत गप्प.
मग म्हणाला,
"थ्या सीटवर रोज फडकं मारलं म्या.
मऊ होती का, मालूम नाई."

मी आरसा जरा खाली केला.
एकच टोपी.

"समोर पाय, पोरी," तो म्हणाला,
"गेअर लय उशिरा टाकतं तू."