किलोला किती

सगुण मिठागरात उभा, घोट्यापर्यंत चैत्र.
फळीनं मीठ ओढतो काठाकडं
आणि मान वर न करता विचारतो,
"बर्फ म्हणजे कसा गे? फ्रीजमधला?"

नाही.
मग कसा?
मला सांगता येत नाही. आगरवाड्यात
पांढऱ्या गोष्टी तीनच: मीठ, बगळे
आणि कपेलाची भिंत, तीही पावसाळ्यानंतर हिरवी.

तर ऐक. एका डब्याची गाडी.
मी आणि ड्रायव्हर, बाकी आसनं रिकामी.
प्रत्येक सिग्नलला तो हातमोज्यातलं बोट दाखवायचा
आणि स्वतःशीच मोठ्यानं काही म्हणायचा,
भटजी एकेका देवाला नैवेद्य दाखवतो तसा.
शेवटच्या स्टेशनात उतरले. माणूस नाही.
एक मशीन, त्यात गरम चहाचे डबे.
एक घेतला, प्याले नाही, खिशात ठेवला.
तासभर तो माझ्याबरोबर चालला.

अस्वलांसाठी पिशवीला घंटा बांधतात तिथं.
माणूस येतोय, बाजूला हो, एवढंच सांगायला.
माझ्या घंटेचा आवाज
थेट तुझ्या काबऱ्या म्हशीचा. हसलास ना?
मीही हसले होते, डोंगरात,
आणि ते हसणं कुठं आपटून परत आलं नाही.
बर्फ आवाज पितो.

एकटीच का गेलीस, हे तू विचारलं नाहीस.
बाकी सगळ्या वाड्याचं विचारून झालंय,
पोस्टात, फेरीबोटीत, पोदेराकडं पाव घेताना.
प्रत्येकाला मी वेगळं कारण सांगितलं.
एकही खोटं नव्हतं.

झाडं बर्फात कमरेइतकी बुडालेली.
पण प्रत्येक खोडाभोवती गोल खळगा,
तळाशी गेल्या वर्षीची काळी पानं.
वाकून बघितलं. आळं!
माडाला करतो तसं.
इथं कुदळ घेऊन कोण आलं?
संध्याकाळी खानावळीतल्या बाईनं हातांनीच सांगितलं:
तळवे छातीशी, मग हळूहळू लांब.
झाड आपल्याच उबेनं एवढं वितळवतं.
दुसऱ्या दिवशी मी तशाच एका आळ्यात पाय सोडून
भात खाल्ला, वर मिस्कूट.

मग धुकं आलं. वाट गेली.
चारशे सोळा पावलं मोजली,
आणि धुक्याला कोकणीत शिवी दिली, ठेवणीतली.
माझाच आवाज, पण सोबतीला कुणी असल्यासारखा.

रस्ता लागला तिथं पत्र्याची शेड,
शेडमध्ये पोती, एक फाटलेलं.
बोट घातलं, जिभेला लावलं.
मीठ होतं, सगुण.
बर्फ वितळावा म्हणून
पहाटे रस्त्यावर फेकतात.

फळी थांबते.
"रस्त्यार?"
रस्त्यावर.
"मीठ?"
मीठ.

तो ढिगाकडं बघतो, झावळ्यांनी झाकलेल्या,
फेब्रुवारीपासून गिऱ्हाईक नसलेल्या.
मग माझ्याकडं.
"किलोक कितलें दितात?"

ठाऊक नाही.
विचारायला हवं होतं.
एवढ्या लांब जाऊन मी झाडांची आळी बघत बसले.

घंटा अजून पिशवीलाच आहे.
बांधावरून घरी निघते तेव्हा वाजते,
आणि वाटेतले बगळे, न उडता,
जरासे बाजूला होतात.