वगराळी पाच

प्रणोती दिवाळीत आली आणि माझ्या फोनमध्ये
एक वही टाकून गेली.
"मावशी, यात सगळं मावतं."
मी म्हटलं, खुर्च्या मावतील का?
तीनशे वीस आहेत.

आमचं बिछायत केंद्र, आर्वी रोडला, टिनाच्या शेडमध्ये.
सतरंज्या, गंज, कढया, पंगतीच्या बकेटा,
आणि नवरानवरीचा एक सोफा
ज्याच्या डावीकडच्या हत्तीला सोंड नाही.
आधी सगळं चिठ्ठ्यांवर होतं, चिठ्ठ्या खिळ्याला.
दोन वर्षांची उधारी उंदरांनी खाल्ली
आणि ज्यांची होती
त्यांनी काही आठवण करून दिली नाही.

आता मी बोलते, फोन लिहितो.
म्हटलं, "वगराळी पाच, निखाड्यांच्या घरी."
त्यानं लिहिलं,
विक्राळ पाच, निखाड्यांच्या घरी.
एकटीच हसले शेडमध्ये,
कारण त्या घरात माणसं खरंच पाच.
दुरुस्त केलं नाही. तेव्हापासून
विक्राळ असं शोधलं
की गावभर गेलेली माझी सगळी वगराळी
एका खाली एक उभी राहतात.

प्रणोतीनं शिकवलं, प्रत्येक ओळीपुढं चौकोन,
सामान आलं की टिचकी मारायची.
गंज तीन वाचून ती म्हणाली होती, "गंज? कशाला लागला?"
पुण्यात पातेल्याला काय म्हणतात
ते मी तिला विचारलं नाही.

कधी रात्री झोप नसली की नुसतं नाव टाकून पाहते.
सुकेशनी मेश्राम:
साक्षगंध, खुर्च्या साठ, आल्या.
लग्न, मंडप, खुर्च्या दोनशे, सोफा. रद्द.
जून. खुर्च्या साठ. चहाचा थर्मास.
नर्सिंगला नंबर लागला.
मधल्या दोन महिन्यांत काय झालं
ते वहीत नाही.
थर्मासचं भाडं मी लावलं नव्हतं, ते आहे.

यांना वही पटत नाही.
"माह्या डोक्शात हाये सारं."
आणि होतंच.
गंज पालथा घालायचे, पोच्यावर अंगठा ठेवायचे,
हा काळबांड्याच्या पोरीच्या लग्नात
ट्रॉलीतून पडला, वरात तीन घंटे लेट,
वांग्याची भाजी बुडाशी लागली होती, तरी पुरली नाही.
असे सतरा गंज. सतरा पोचे नाही, जास्तच.
अलीकडे अंगठा ठेवतात
आणि तिथंच ठेवून बसतात.

म्हणून मी फोटो काढायला लागले.
नवीन पान, वर नाव, पोचे.
पहिल्या दिवशी चिडले.
दुसऱ्या दिवशी स्वतःच गंज उन्हात ओढत आणले,
"लिव. पण मी सांगतो तसंच लिव,
तुह्या मनचं नोको घालू."
आठ झाले. दोन सांगता आले नाहीत,
त्यांच्यापुढं मी नुसतं टिंब दिलं.

नववा. काठाखाली, मुठीएवढा.
"हा?"
बराच वेळ काही नाही.
स्क्रीन विझली. मी पेटवली. पुन्हा विझली.
रोडनं एक ट्रॅक्टर गेला, सरकीचा.
"हा कोठी पडला नाही," म्हणाले.
"म्याच फेकला. तुह्यावर.
लागला नव्हता तुले, भिताडाले लागला.
आठोते?"

आठवत होतं. भिंत, आवाज,
झाकण किती वेळ फिरत राहिलं तेही.
मी म्हटलं, नाही बा.

मग बोलून नाही, बोटानं लिहिलं,
एकेक अक्षर शोधत:
गंज नऊ. पोचा जुना. गळत नाही.

उद्या तो उईक्यांकडे जातो,
चाळीस माणसांच्या भाताला.