बुरशीचे नाव

सांवेरच्या बसमध्ये तिनं ते मांडीवर धरलं होतं,
लुगड्याच्या धडप्यात, देठ वर.
जमिनीला टेकलेल्या अंगाला तळहाताएवढा ओला खड्डा,
त्यावर पांढरं, पिठीसाखर भुरभुरावी तसं.
"मॅडम, यो कईं है?"

मी आधी वास घेतला.
सव्वीस वर्षं झाली इंदूरच्या या खोलीत,
नाक माझ्याआधी कामावर येतं.
आंबूस नव्हता. भिजून सुकलेल्या पोत्याचा होता.

मग एकेक नाव खोडत गेले.
वाळल्या फुलाकडून सुरुवात असती,
काळ्या डोक्यांच्या टाचण्या दाटीनं टोचलेल्या,
तर निराळं.
कापूस असता, कापसात उंदराच्या लेंड्यांसारखे दाणे,
तर निराळं.
गुलाबी झाक असती तर काचेखाली
इवले इवले कोयते दिसले असते.
तीन दिवस ओल्या टिपकागदावर झाकून ठेवलं
आणि वहीत, हसू नका, भोपळा.

रोज संध्याकाळी फोन.
"नाम मिल्यो?"
नाही, धापूबाई.

चौथ्या दिवशी लिंबं दिसली.
निळ्या रंगात, एका टोकाला बारीक बोंडी.
तरी खात्री हवी, म्हणून दुसरी काच साध्या पाण्यात,
फ्रिजमध्ये, माझ्या डब्यातल्या कढीशेजारी, वीस मिनिटं.
बाहेर काढली, डोळा लावला.
काच ऊबेला आली तशी
एका लिंबाचं तोंड उघडलं
आणि आतलं सगळं
पोहत बाहेर.
दोन शेपट्या मी अंदाजानं धरल्या.

बुरशी पोहत नाही.
हे शेवाळाच्या भाऊबंदकीतलं,
पाणी अजून न विसरलेलं.
बुरशीवरच्या निम्म्या औषधांनी याला
गुदगुल्या होत असतील फार तर.
फॉर्मवर छापलंय : बुरशीचे नाव.
मी 'बुरशीचे' खोडलं.
आजवर किती रकाने तसेच भरले, मोजायला बसले नाही.

फोनवर म्हटलं, पाण्यातून येतं ते. पोहतं.
ती गप्प. मग,
"म्हके तो मालम थो."
मिरचीच्या वाफ्यातून जी चर उतरते
तिच्याच काठाकाठानं कुजत आलीत फळं,
वरच्या अंगाची सगळी धड.
मग चाळीस किलोमीटर कशाला आलात?
"नाम सारू."

मी लॅटिन नाव सांगितलं. ती खूप हसली.
म्हणाली, मी पाचवी. बापानं धापू ठेवलं,
पोट भरलं, पुरे आता.
नाव ठेवून कधी थांबलंय का काही?
सहावी आलीच.

सहावीचं नाव मी विचारलं नाही.
चर वळवा, म्हटलं,
आणि फळांखाली गवत घाला,
कोरडं.