शब्दमर्यादा पाचशे

दिल्लीचं पत्र आलं तेव्हा मी
पिशवी क्रमांक एकशे बारा चाळत होते.
कसबे डिग्रज, ओढ्याकडची बाजू,
खोली साठ सेंटीमीटर.

"माननीय शास्त्रज्ञ,
राष्ट्रीय मृदा धोरणासाठी आपल्या अभिनव कल्पना
सादर आमंत्रित आहेत."

सादर!
सव्वीस वर्षांत मला
पगाराच्या कागदानंसुद्धा माननीय म्हटलं नव्हतं.

पत्र बाबालाल मुलाणींना वाचून दाखवलं.
प्रयोगशाळा परिचर, नववी नापास.
मातीचा खडा जिभेच्या टोकाला लावून
ते खारेपणा सांगतात,
आणि यंत्र मागाहून, दशांश चिन्हासकट,
त्यांना होकार देतं.
कितीदा ओरडले असेन, मुलाणी, माती खाऊ नका.
"खात न्हाई बाई. इचारतो तिला."

पत्र ऐकून म्हणाले,
"लिवा की मग. कुनी इचारलं तर सांगावं मानसानं."

रात्री बसले लिहायला.
पाणी पाजलं म्हणजे जमीन जगली, असं नसतं.
कृष्णाकाठच्या काळ्या रानाला आपण
तहान लागायच्या आधीच पाजत राहिलो.
उसाच्या मुळाशी पाणी तुंबलं,
खालचं मीठ जिना चढून वर आलं
आणि एका चैत्रात
कुणी पिठाची चाळण झटकावी तसं
सगळं शिवार पांढरं झालं.

निचरा.
हा एक शब्द घ्या. उरलेले चारशे नव्व्याण्णव
तुमच्याकडेच राहू द्या.

पण निचरा एकट्याच्या बांधात होत नाही.
माझ्या रानातलं पाणी तुझ्या रानाखालून जाणार,
तुझं ओढ्याला,
ओढा सरकारचा,
आणि ओढ्यात कुणाच्या तरी मेव्हण्याची भिंत.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

रकाना चार: अपेक्षित लाभ, कोटी रुपयांत.
रकाना सात: कल्पनेचं नाव, आद्याक्षरांत,
शक्यतो उच्चारायला सोपं.
रकाना नऊ: सहलेखक. पदवी आवश्यक.

अकरा वर्षांपूर्वीही असंच पत्र आलं होतं.
तेव्हा मी बावीस पानं लिहिली, आलेख रंगीत काढले.
उत्तर आलं: नोंद घेतली.
मग योजना आली.
जादा अश्वशक्तीच्या पंपांची.

म्हणून यंदा एवढंच लिहिलं:

बोलावलंत, बरं वाटलं.
पण सांगलीत हळदीची पेठ आहे, आम्हाला कळतं ते.
अंगाला हळद लागल्यावर
पत्रिका जुळते का म्हणून विचारू नका.
कागद कोरा असताना बोलवा.
आमचं चुकलं तर तोंडावर सांगा.
आम्ही नको म्हणालो तर तेही लिहून ठेवा,
तो नकारही उन्हात हिंडून, मोजून आणलेला असतो.

आणि एखाद्या वेळी उलटं करा.
तुम्हीच या.
मिरजेला उतरा, मी घ्यायला येईन,
गाडी जुनी आहे पण चालते.
एप्रिलच्या दुपारी पांढऱ्या रानात
दहा मिनिटं अनवाणी उभे राहा.
टाचेला भेग असेल
तर धोरण लगेच समजतं.

मोजले. शब्द पाचशेच्या आतच.

खाली सही केली, रत्नप्रभा मगदूम, मृदाशास्त्र.
नवव्या रकान्यात लिहिलं, बाबालाल हसन मुलाणी.
पदवीपुढे पेन बराच वेळ अडलं.
मग लिहिलं, जीभ.

सकाळी पाकीट त्यांच्या हातात दिलं
रजिस्टर करायला.
सवयीनं त्यांनी ते आधी तराजूवर ठेवलं.
एकतीस ग्रॅम.
"वल धरून," म्हणाले,
आणि पिशवी एकशे तेराची गाठ सोडली.