दुसरा भाग

रात्री अकराचं रीडिंग घेते:
कृषी फीडर एकशे चाळीस अँपिअर,
गावठाण बावीस.
मग बारापर्यंत ट्रान्सफॉर्मरची एकसुरी घुमघुम,
मी,
आणि डॉक्टर हळबे.

पिंपळशेंड्याच्या वाचनालयात या मालिकेचा
पहिला आहे, तिसरा आहे, चौथाही आहे.
दुसरा विचारला तर बोरकुटेकाका रजिस्टर उघडत नाहीत,
चष्मा तेवढा पुसतात:
"गेला असन कोणाघरी. तिसरा ने ना बाप्पा,
तो बी तेवढाच जाड आहे."

तर तिसरा.
तिसऱ्यात डॉक्टर लंगडतात.
पहिल्याच्या शेवटच्या पानावर तर
जिना उतरत होते धावत, दोन-दोन पायऱ्या.
बायकोचं नाव आता कोणी काढत नाही.
दिवाणखान्यातला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला,
आणि सगळे त्याला सवयीने वळसा घालतात.
लेखक धरून चालतो, मला माहीत आहे.

मला याची सवय आहे.
लग्न होऊन इथे आले तेव्हाही
थेट तिसराच हातात दिला होता:
मोठ्या जावेच्या खोलीला कुलूप का,
मामंजी गुरुवारी कोणाशीच का बोलत नाहीत.
विचारायची सोय नव्हती,
घरात सगळ्यांचं आधीचं वाचून झालेलं.
लंगडण्यावरून जिना ओळखायला
मी तिथेच शिकले.

पुस्तकाच्या कडेला शिसपेन्सिल.
माझ्या आधी कोणीतरी जागलंय.
पान ४१: "खोटं बोलून राह्यला."
पान ८८: "ह्याच्या हाताकडं पाहा."
पान १३०, नुसती वेळ: २.४०.
चाराचा आकडा असा,
की शेपटाला खाली गाठ मारून ठेवलेली.

मार्चमध्ये जुनी लॉगबुकं गठ्ठ्यात बांधताना
तोच चार भेटला, गाठीसकट.
सन दोन हजार नऊ, ऑपरेटर स. दा. गेडाम.
"रात्री २.४०. सप्लाय आपोआप बंद. कारण समजले नाही."
खाली, पेन जास्त दाबून:
"२.५५. आपोआप सुरू."
बंद होतो आपोआप, मान्य.
सुरू करायला मात्र कोणीतरी उठावं लागतं,
एवढं आम्हा ऑपरेटर लोकांना कळतं.

सुट्टीच्या दिवशी कोळंबीला गेले.
अंगणात मोहफुलं वाळत घातलेली,
वास असा की माशाही सावकाश उडत होत्या.
गेडाम काही बोलले नाहीत. आत गेले,
पत्र्याच्या पेटीतून दुसरा भाग काढून आणला,
वाचनालयाचा शिक्का, गुळगुळीत कव्हर.
मी आधी मागून उघडला.
शेवटची पानं नाहीत.

"सोळा आहेत. म्या फाडली."
"काहून?"
"वाचली असती त तिसरा कायले वाचला असता मंग?
महिनाभर रोज रातच्याले नवा शेवट करत होतो.
एक बी चुकला नाही."
"आन त्या रात्री? दोन चाळीसले?"

त्यांनी बशीतला चहा संपवला.
बशी पुन्हा बघितली.
सुनेनं आतून काहीतरी विचारलं,
तिलाच उत्तर द्यायला उठले ते,
आणि डावा पाय असा टाकला,
जसा अंधारात पायरी चाचपतो माणूस.
अंगण सपाट होतं.

मी पुढचं विचारलं नाही.
पुस्तक मात्र घेऊन आले.
सोळा पानं कमी, तरी जडच होतं.

आता चौथा टेबलावर आहे.
पहिल्याच ओळीत डॉक्टर ताठ चालतात,
जणू कधी काही झालंच नव्हतं.
कुंपणापलीकडे रोह्यांचा कळप तुरीच्या फणकटांत उभा,
त्यांचे डोळे दिव्यात हिरवे, मग नाहीत.

दोनचं रीडिंग लिहिलं.
दोन चाळीसला पुस्तक उपडं ठेवते
आणि फक्त काट्याकडे बघते.
एकशे अडतीस.
एकशे अडतीस.
लॉगबुकात या वेळेला रकाना नाही.
तीनला लिहीन.