होयचे बहुमत

दहा मिनिटांची पाळी माझी.
टेबल सभापतींच्या आसनाच्या पायथ्याशी, इतकं जवळ
की खुर्चीला नवं पॉलिश लागलंय
हे डोळ्यांच्या आधी नाकाला कळलं.
वर्षभर पेंगलेली इमारत डिसेंबरात खोकत उठते,
गाद्यांना डांबरगोळीचा वास,
खिडकीत सिव्हिल लाइन्सचं ऊन, मफलर न घातलेलं.

अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.
होय.
प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.
नाही, आणि मागून कुणीतरी नुसतंच खाकरलं.
खाकरण्याला लघुलिपीत खूण नाही.
होयचे बहुमत, होयचे बहुमत, तोवर
डावीकडून आरोळी : पोल!

मग एकेक जण उभा राहून आपला आकडा सांगू लागला.
आमच्या उमरेडच्या घरी माय तांदूळ मापताना
पहिल्या पायलीला एक म्हणत नसे,
लाभ म्हणायची.
इथं पहिला उठला आणि म्हणाला, एक.
डोमाजी तितरमारे स्वतःच उमेदवार,
तेही उठले. एकोणतीस, म्हणाले,
डॉक्टरला वय सांगावं तसं, हळू.

अकरा हिवाळे ह्या माणसानं माझी बोटं दुखवली.
तिसऱ्या बाकावरून कागद भिरकावत
काहून जी? काहून नाही? म्हणायचे
आणि मी लिहायची : का बरे? का नाही?
त्याहून मोठ्यानं ओरडले तर कंसात : (व्यत्यय).

दोन्ही बाजूंचे नेते त्यांना
कोपराला धरून वर घेऊन गेले, रीतच आहे तशी.
बसले.
खुर्ची उंच निघाली.
सभागृहाला दिसत नव्हतं,
मला दिसत होतं खालून :
नव्या बुटांच्या टाचा जमिनीला टेकत नव्हत्या.

आता समासात त्यांचं नाव येणार नाही.
नुसतं, मा. सभापती, आणि दोन टिंबं.
त्यांनी घंटेकडे पाहिलं, वाजवली नाही.
तिसऱ्या बाकावर कुणी त्यांच्याच सुरात
काहीतरी भिरकावलं,
ते थोडे पुढे वाकले : बसा जी.

मी तसंच लिहिलं. बसा जी.

पाळी संपली, लांजेवारबाई अर्ध्या वाक्यात येऊन टेकल्या.
संध्याकाळी टंकलेल्या पानावर
ह्या दोन शब्दांशी कुणाची तरी लाल पेन्सिल थांबेल.
थांबली तर नाही म्हणावं म्हणते.
एकटीच्या नाहीला
पोल मागता येत नाही,
तरी.