अठरा मापं

गणवेश मी शिवले. त्रेचाळीस.
बत्तिसाव्याला पांढरा दोरा संपला,
जतहून उधारीवर तीन रिळं आणली,
म्हणून आकडा चुकायचा नाही.
प्रत्येक पोराच्या गळ्याभोवती माझी टेप फिरलीय.
बिराजदारांच्या रेवणला डावी बाही दोन बोटं आखूड लागते,
हात मोडून वाकडा बसलाय त्याचा,
हे शाळेच्या कुठल्याही रजिस्टरात नाही.

रजिस्टरात आहे: एकसष्ट.
खाली सही, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य,
माझीच.
नागपंचमीच्या आदल्या दिवशी कोऱ्या पानावर केलेली,
चुलीवर तेल तापलेलं, गुरुजी दारात,
ताई, नुसती औपचारिकता.
किती मऊ शब्द. अंगावर घेतला
आणि घडी घालायलाही विसरले.

आधी वाटलं, अठरा पोरं खोटी.
मग नावं वाचली.
खोटं एकही नाही. मायव्वा, सिद्राम, कोळेकरांची जुळी,
सगळी कारखान्याच्या फडावर, आईबापांच्या कोयत्यामागं,
आणि इथं रोज हजर.
म्हणजे कापड त्यांच्याही नावानं आलं.
मशीन माझ्या घरात आहे.
माझ्या पायाखालून गेलं नाही, तर कुठनं गेलं?

दहा रुपयांचं तिकीट चिकटवून विचारलं.
एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं:
मागितलेली माहिती व्यापक जनहिताशी निगडित नाही.
सुगलाबाईला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, जनहित म्हणजे कोण गं? कुठल्या वस्तीवरचा?

तेव्हा मुंबईला लिहिलं.
विधानभवनात लोकांचे अर्ज घेणारी समिती आहे म्हणे,
पण आमदारांनी पुढं ठेवायचा असतो,
म्हणून त्यांच्या कार्यालयात चार सोमवार बसले,
पिशवीत काजं करायचे सदरे घेऊन.
पाचव्या सोमवारी सही मिळाली, अकरा सदरे पुरे झाले होते.
मागणं एवढंच होतं:
राज्यातल्या प्रत्येक शाळेनं
किती पोरं, किती तांदूळ, किती कापड
बाहेरच्या भिंतीवर लिहावं,
स्टँडवर गाड्यांच्या वेळा लिहितात तसं,
रस्त्यावरून मेंढरं नेणाऱ्याला वाचता येईल एवढ्या अक्षरात.
आणि ज्याला वाचता येत नाही
त्याला कुणीतरी वाचून दाखवावं, न चिडता.

अर्ज चढला.
मग उतरायला लागला.
मंत्रालयातून पुण्याला, पुण्याहून कोल्हापूरला,
तिथून सांगली, जिल्हा परिषद, दुसरा मजला,
मग जत, पंचायत समिती, मग केंद्रप्रमुखांची डिकी,
प्रत्येक मुक्कामावर एक शिक्का वाढलेला,
योग्य त्या कार्यवाहीसाठी, योग्य त्या कार्यवाहीसाठी,
आणि फाल्गुनात एका दुपारी
तेच गुरुजी, तेच दार.

ताई, तुमच्या तक्रारीची चौकशी माझ्याकडंच आलीय.
हसले नाहीत. तेही दमलेले दिसले,
शर्टाची कॉलर फाटलेली, उलटवून शिवता आली असती.
अहवालाचं पान पुढं केलं.
पान कोरं.
खाली माझं नाव, पुढं सहीसाठी टिंबं.

ठेवून जा म्हटलं.

उसाचा हंगाम आवरला, ट्रॅक्टर आले,
भांडी, शेळ्या, वर पोरं.
टेप घेऊन मी उतारावरच थांबले होते.
मायव्वा: उंची चार फूट एक, छाती चोवीस.
सिद्राम: खांदा तेरा, पाठीवर पाचटाचे ओरखडे.
जुळ्यातला एक बोटभर वाढलेला, दुसरा नाही.
त्याच कोऱ्या पानावर
अठरा नावं, अठरा मापं, शेवटच्या ओळीला जागा पुरली नाही
म्हणून समासात लिहिली.
मग सही. टिंबांवर नाही, मापांच्या खाली.

शाळेत नेऊन दिलं.
गुरुजींनी बराच वेळ वाचलं.
हे वर कसं पाठवू, म्हणाले.
आलं त्याच वाटेनं, म्हटलं,
आणि मला जावक क्रमांक द्या.

त्यांनी पेनचं टोपण काढलं.
मी उभीच आहे.